एकच सिलिंडर का? बाबांना पत्र

माल्टा

ती. बाबांस सा. न.

परवा फोनवर माझ्या स्कुबा डायव्हिंगबद्दल तुम्ही विचारलंत, "एक सिलिंडर पाण्यात बंद पडलं तर? दोन का नाही बांधत?" मागून आईचा आवाज आला, की मुळात जायचंच कशाला. आईशी मी रविवारी बोलेन. तुमच्या प्रश्नाला मात्र फोन पुरणार नाही. अंबडला जन्मभर फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला नुसतं "काळजी करू नका" सांगणं मला पटत नाही, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते.

आधी बंद पडण्याबद्दल. गॅस वेल्डिंगच्या सिलिंडरवर रेग्युलेटर असतो, तसाच हा. फक्त दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा 200 बारचा दाब उतरवून आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण 10 बार जास्त ठेवतो. दुसरा टप्पा तोंडात असतो, तो श्वास ओढला की पाण्याच्याच दाबाची हवा देतो. कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी 1943 मध्ये हे जमवलं. यातली रचना अशी आहे, की आतली हवा अडवणारी सीट खराब झाली तर व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहतो. हवा अडत नाही, उलट भसाभसा वाहू लागते. म्हणजे तेव्हा हाताशी थोडा वेळ असतो, आणि त्या वेळात काय करायचं हे ठरलेलं असावं लागतं.

आता सिलिंडर. इथे 12 लिटरचं स्टीलचं मिळतं, 200 बारला भरलं की 2400 लिटर हवा. मिनिटाला 20 लिटर लागते असं धरा. 30 मीटर खाली दाब चौपट, म्हणजे मिनिटाला 80 लिटर. शेवटचे 50 बार राखीव, त्यांना हात लावायचा नाही. उरतात 1800 लिटर, म्हणजे बावीस मिनिटं, आणि उतरण्या-चढण्याची हवा त्यातूनच जाते. दुसरीकडे, साध्या हवेवर 30 मीटरला वीसेक मिनिटांच्या वर राहिलं तर रक्तात आणि मांसात इतका नायट्रोजन मुरतो, की थेट वर येता येत नाही, वाटेत टप्प्याटप्प्यानं थांबावं लागतं. बाबा, एका सिलिंडरचा हा मोठा गुण मला वाटतो: हवेची मर्यादा आणि शरीराची मर्यादा जवळपास एकत्रच येतात. दुसरं सिलिंडर पाठीवर आलं की हवा उरते आणि माणूस खाली रेंगाळतो. मग वर जायची वाट मोकळी असूनही थेट वर जाता येत नाही.

दोन सिलिंडर बांधणारे लोक इथे खूप आहेत, आणि त्यांचं चुकतंय असं अजिबात नाही. ट्विनसेट म्हणजे पाठीवर दोन, मध्ये दोघांना जोडणारी नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, आणि त्याला बंद करायचा व्हॉल्व्ह. एक बाजू गळायला लागली तर डोक्यामागे हात नेऊन ती बंद करायची. खोल जाणाऱ्यांना, बुडालेल्या जहाजाच्या आत शिरणाऱ्यांना हे लागतंच, कारण त्यांना सरळ वर येताच येत नाही. पण नुसत्या सिलिंडरांचंच वजन तीस किलोच्या आसपास, आणि इथले किनारे खडकाळ. चिरकेव्वाला 1992 मध्ये मुद्दाम बुडवलेली रोझी नावाची टगबोट आहे. तिथे किनाऱ्यावरूनच उतरतात, गुळगुळीत ओल्या कातळावरून, लाटेचा अंदाज घेत. माझ्या गुडघ्यांचा विचार मलाच करायला हवा.

दुसरा प्रकार साइडमाउंट, दोन्ही कुशींना एकेक सिलिंडर. इंग्लंडातल्या पाण्यानं भरलेल्या अरुंद गुहांमध्ये शिरणाऱ्यांनी ही पद्धत आणली. माझ्या ड्युटीवरची एक मैत्रीण यावर फिदा आहे, कारण तिची पाठ दुखते आणि सिलिंडर पाण्यात उतरल्यावर अडकवता येतात. दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर असतात, हे मलाही फार आवडलं. पण दोन्ही सिलिंडर स्वतंत्र, त्यामुळे आलटून पालटून श्वास घ्यावा लागतो. शिवाय हलत्या बोटीवर ती सगळी जोडाजोड मला नको वाटते.

माझा निर्णय शेवटी जोडीदारावर ठरला. मी दर सुट्टीला वेगळ्या माणसाबरोबर पाण्यात उतरते. माझं दुसरं सिलिंडर म्हणजे तोच माणूस, आणि त्याचं मी. म्हणून माझ्या अंगावरचं सामान त्याला अंधारातही कळलं पाहिजे. तोंडातला रेग्युलेटर सात फुटी होजवर, बगलेखालून येऊन मानेमागून फिरवलेला. दुसरा छोट्या होजवर, रबराच्या दोरीनं हनुवटीखाली टांगलेला. कुणाची हवा संपली तर मी तोंडातलाच काढून देते, कारण तो चालू आहे याची त्या क्षणी खात्री असते, आणि घाबरलेला माणूसही समोर दिसतो त्यालाच हात घालतो. हनुवटीखालचा मी घेते. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येक वेळी आम्ही हे करून बघतो, कितीही ओळखीचा जोडीदार असला तरी.

सिलिंडर आणि पाण्यात खाली जायला कमरेला बांधायचं शिसं मी भाड्यानं घेते. मास्क, रेग्युलेटर, खोली आणि वेळ दाखवणारा कॉम्प्युटर स्वतःचे. रेग्युलेटर डीआयएन घेतला, आट्यांचा: ओ-रिंग आत दाबून बसते, क्लॅम्पच्या रेग्युलेटरसारखी धक्क्यानं निसटत नाही. तो हातात घेऊन बघाल तेव्हा तुम्हाला पटेल.

आता तुमच्याकडे एक काम आहे. फुगीर जॅकेटऐवजी मला पाठीला धातूची पट्टी हवी आहे, तिला बॅकप्लेट म्हणतात. तिच्यामागे हवेची विंग, म्हणजे फुगवायची पिशवी, आणि पुढे अखंड पट्टा. विकत मिळते, पण ही तुमच्या हातची असावी असं मनापासून वाटतं. 3 मिमीचा पत्रा, स्टेनलेस 316 च घ्या, 304 ला समुद्रात डाग पडतात. मधोमध पन्हाळीसारखी घडी, आणि त्या रेषेवर वर-खाली दोन भोकं, केंद्रापासून केंद्रापर्यंत 279 मिमी. हे अंतर जगभर एकच आहे, ट्विनसेटचे बोल्ट त्यातच बसतात. म्हणजे उद्या खरंच दोन सिलिंडर लागली तर हीच प्लेट चालेल. पट्ट्यांच्या खाचांच्या कडा मात्र नीट घासा, धार राहिली तर पट्टा आतून कापत जातो आणि दिसत नाही. पूर्ण मापाचा कागद दादाच्या मेलवर पाठवते. वजन दोन-अडीच किलो भरेल, तेवढं शिसं कमरेवरून कमी होईल.

थोडं शिसं मात्र लागणारच, कारण वर येईपर्यंत सिलिंडरमधली दोन-सव्वादोन किलो हवा संपलेली असते, आणि तेवढं हलकं होऊनही शेवटी खबरदारी म्हणून 5 मीटरवर थांबता आलं पाहिजे.

दिवाळीला येतेय. विमानाआधी निदान अठरा तास पाण्यात उतरायचं नसतं, मी पूर्ण दोन दिवस सोडलेत, हे आईला सांगा. प्लेट तोवर झाली तर येताना घेऊन जाईन.

तुमची
लेक