फ्लॅट देऊ नका, विकून आलेले पैसे द्या

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला मृत्युपत्रातून दान करण्याविषयीचा लेख वाचला. हेतू थोर, पण सल्ला असा की तो पाळला तर संस्थेच्या हाती कोर्टाच्या तारखाच पडायच्या.

'एफडीला संस्थेचे नॉमिनेशन करा, झाले काम!' बँकेच्या ठेवीला नॉमिनी म्हणून माणूस लागतो, ट्रस्ट चालत नाही. आणि नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितले.

'राहता फ्लॅट संस्थेच्या नावे करा' हा तर कळसच. सार्वजनिक न्यासाला (ट्रस्टला) स्थावर मालमत्ता विकायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्यातील कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही तीच अट. तोवर मेंटेनन्स आणि घरपट्टी भरायची संस्थेने. छान दान! त्यापेक्षा सरळ लिहावे: 'एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने) फ्लॅट विकावा, माझी देणी भागवावीत व उरलेल्या रकमेचे इतके टक्के अमुक संस्थेस द्यावेत.' पुढे 'पुनर्विकासात याच्या बदल्यात मिळणारा फ्लॅटही यात धरावा' हे जोडावे. नाहीतर मृत्युपत्रातला फ्लॅट नंबर अस्तित्वातच नसतो आणि वारसांचे वकील पहिले बोट तिथेच ठेवतात.

संस्थेचे नाव नोंदणी दाखल्यावर आहे तसेच लिहावे, नोंदणी क्रमांकासह. ती बंद पडली असल्यास कोणाला द्यायचे तेही लिहावे. लेखातल्या नमुन्यात मात्र 'उरलेले धर्मकार्यास लावावे' एवढेच! मुंबईच्या एका मृत्युपत्रातले 'धरम'साठीचे असेच दान प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले शेवटचे अपील ऐकणारे लंडनचे न्यायपीठ) संदिग्ध म्हणून रद्द ठरवले, त्याला १८९९ पासून सव्वाशे वर्षे झाली.

सोबतच्या चित्रात स्टॅम्पपेपर आहे, साक्षीदारांच्या सह्या नाहीत. नेमके उलटे हवे. कागद साधा चालतो. साक्षीदार मात्र दोन लागतात, आणि त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या देखत सह्या करायच्या असतात.

जाता जाता: देहदानाची इच्छा मृत्युपत्रात लिहा, असे चौकटीत छापले आहे. आपल्याकडे मृत्युपत्र उघडते तेराव्यानंतर. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा फॉर्म हयातीतच भरून एक प्रत घरच्यांच्या हातात द्यावी, कारण फोन त्यांनाच करायचा असतो.

— एक वकील वाचक, डोंबिवली