लोगोतल्या चुका दाखवणाऱ्या अनामिकांचे आभार

लोगो डिझाइन शिकणाऱ्यांची कच्ची कामं वेळ काढून तपासणाऱ्या, स्वतःचं नावही न सांगणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. ‘छान आहे’ म्हणून पुढे जाणं सोपं होतं. तुम्ही काय चुकलं आणि का चुकलं, ते सांगितलंत.

आधी फक्त काळ्या-पांढऱ्यात काम करा, हा तुमचा आग्रह. रंग काढल्यावर जो आकार ओळखू येत नाही, त्याला ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) वाचवत नाही. तोच लोगो 16 पिक्सेलवर बघायला लावलात, की बारीक रेषा गायब होतात आणि अक्षरांमधल्या पोकळ्या बुजतात. मग लहान आकारासाठी वेगळी, सोपी आवृत्ती का हवी हे आपोआप कळतं.

गोल आणि चौकोन मोजून एकाच उंचीचे ठेवले, तर गोल लहान दिसतो. तो वर-खाली किंचित बाहेर काढावा लागतो. ही खरी मोलाची शिकवण, कारण सॉफ्टवेअरचं अलाइन बटण (आकार मोजून एका रेषेत लावणारं) ती देत नाही. वर्तुळाला चार अँकर पॉइंट (रेषेचं वळण ठरवणारे बिंदू) पुरतात, सॉफ्टवेअरने आपोआप ट्रेस केलेल्या (गिरवलेल्या) चित्रात मात्र ढीगभर येतात आणि वळणं खडबडीत होतात, हेही तुम्हीच दाखवलंत.

फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करा, म्हणजे मजकुराचं साध्या आकारांत रूपांतर करा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलतो. पण मजकूर बदलता येईल अशी एक प्रत जपून ठेवा. आरजीबीतला (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगपद्धतीतला) झगझगीत हिरवा सीएमवायके छपाईत (निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या छपाईत) मंदावतो, म्हणून छापील नमुना आधी बघा. इतक्या बारकाईने सांगितल्याबद्दल पुन्हा एकदा आभार.