अमेय, आधी ताईला फोन कर

प्रिय अमेय,

काल तू मधेच फोन ठेवलास. रागावले नाहीये मी, पण झोप लागेना म्हणून टाइप करत बसलेय.

लिव्हिंग विल केलं म्हणजे आईला जगायचा कंटाळा आला असं तू म्हणालास, तसं अजिबात नाहीये रे. कागदात एवढंच आहे की मी शुद्धीत नसेन आणि बरं होण्याची आशाच उरली नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबणं हे करू नका. दुखणं कमी करायचं औषध द्या, तोंड ओलं ठेवा, कूस बदला. उद्या साधा न्यूमोनिया झाला किंवा पाय मोडला तर ट्रीटमेंट करायचीच, तेव्हा हा कागद कपाटातून काढूही नका. आणि कोणा एकाच्या म्हणण्याने काही बंद होत नाही, आधी हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टरांचं बोर्ड बसतं, मग दुसरं तिघांचं, त्यांचं जुळलं तरच. २०१८ला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला जात नव्हतं, २०२३पासून नोटरी चालतो. लेले वहिनी आणि खालचे कुलकर्णी साक्षीदार आहेत. तेव्हा माझ्या वतीने बोलायला तुझं आणि ताईचं, दोघांचंही नाव घातलंय. मुद्दाम दोघांचं. भांडू नका म्हणून.

तू म्हणालास अरुणा शानबागच्या वेळी तर तू याच्या विरोधात होतीस. होते, आणि आजही तेच म्हणेन. २०११ला सुप्रीम कोर्टाने तिच्या दयामरणाच्या अर्जावर निकाल दिला तेव्हा तू कॉलेजात होतास, घरी काय बोलणं व्हायचं ते तुला आठवत असणार. आमच्यासारखीच नर्स ती, ड्यूटीवर हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन कायमची अंथरुणाला खिळली. १९७३पासून ती आमच्या केईएम हॉस्पिटलच्या चार नंबर वॉर्डमध्ये होती आणि पाठीवर एक बेडसोर नाही, हे नुसतं बोलायला सोपं आहे. ड्यूटी बदलली की नवी सिस्टर आधी तिची पाठ बघायची. मासे आवडायचे तिला, काटे काढून, भातात अगदी मऊ कालवून भरवायचो आणि ती गिळायची, चव कळायची तिला असं मला अजूनही वाटतं. ती स्वतःचा श्वास घेत होती. कुठलं मशीन काढायचा प्रश्नच नव्हता, तिला भरवणं थांबवा अशी ती मागणी होती. आम्ही कसं थांबवणार? कोर्टानेही म्हटलं की तिची जवळची माणसं म्हणजे हे हॉस्पिटलचे लोक, त्यांचं ऐका. तिला स्वतःला काय हवं होतं हे मात्र विचारायची सोयच नव्हती. मला विचारायची सोय आहे, म्हणून मी आत्ताच सांगून ठेवतेय.

बाबांचं काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते आयसीयूत असताना त्यांचे हात गॉजने बेडला बांधले होते, नळी ओढतात म्हणून. इतकी वर्षं मी स्वतः पेशंटचे हात बांधलेत, पण त्या हातातलं घड्याळाचं पांढरं वळ बघून मला उभं राहवेना. आणि बाहेर तू आणि ताई. तू म्हणत होतास सगळं करा, पैशाची काळजी नको. ताई म्हणत होती पुरे करा. दोघांचंही माया म्हणूनच होतं, मला माहीत आहे. पण दहाव्यापर्यंत बोलला नाहीत तुम्ही एकमेकांशी, घाटावर दोन टोकांना उभे होतात. मला मरणाची भीती नाही वाटत एवढी या गोष्टीची वाटते.

झालं, लेक्चर झालंच. सॉरी. तू एवढ्या लांब राहून माझ्या गोळ्या संपायच्या आत ऑनलाइन ऑर्डर करतोस, लेले वहिनींना मी कौतुकाने दाखवते. लांब असलं की जास्त करावंसं वाटतं, तेही कळतं मला. म्हणूनच सांगतेय, मी गेले तर ते तुझ्या सहीने नाही, माझ्या सहीने. तू स्वतःला लावून घ्यायचं नाही. आणि ताईनेही नाही.

पीडीएफ पाठवलीय दोघांना. एक कॉपी महापालिकेत द्यायची राहिलीय, पुढच्या आठवड्यात जाऊन येईन. तू नीट वाच, काही बदलावंसं वाटलं तर सांग, मी ऐकून घेईन, बदलेनच असं नाही. रविवारी फोन कर. पण आधी ताईला कर, कालपासून तीही जेवली नाहीये धड.

तुझी आई