मागच्या चौकातली बाग

वाई

प्रिय सुध्या,

गुडघा बरा आहे, साखर ताब्यात, आईचं नेहमीचंच. आता मुद्द्याचं.

आमच्या वाड्याच्या मागच्या चौकातला ढिगारा उपसताना हौद निघाला! अष्टकोनी, तळाला तांब्याची तोटी. विहिरीकडून आलेले भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवलेले, सांधे चुन्याने लिंपलेले. आप्पांच्या कारंज्याच्या गोष्टीला तू जन्मभर हसलास. घे आता.

पण दादाला चेव चढलाय. त्याला पडलेला वरचा मजला, कारंजं, बाग, सगळं ‘होतं तसं’ पाहिजे. सिमेंटात, आणि दिवाळीच्या आत. मी म्हणतो चुनाच. मातीच्या भिंतीत ओल खालून चढते, चुन्यातून उडून जाते. सिमेंटने ती आतच कोंडते आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं कुजतात. काकांनी ओसरीला केलेल्या गिलाव्याचं काय झालं ते तू पाहिलंयस. घाणीवर दळलेला चुना करू, वाळू, विटांची भुकटी, गूळ, हिरड्याचं पाणी, असं सांगितलं तर म्हणतो, “लाडू वळायचेत का?”

चुन्याचं एक वेळ पटवीन. बागेचं काय करू? मेणवलीच्या वाड्याला नाना फडणविसांचे जुने कागद, त्यांचं दप्तर तरी होतं. आमच्या दप्तरात वाण्याची उधारी. दादा शनिवारवाड्याची हिरवळ दाखवतो. अरे, वाड्याची वास्तुशांत 1732 ची, 1828 च्या आगीत वरचं सगळं गेलं, उरली जोती आणि हौद. ती हिरवळ काय पेशव्यांनी लावली? मग त्याचा हुकमी पत्ता: “विश्रामबागवाडा 1879 ला जळाला, लोकांनी वर्गणी काढून बांधलाच की!” बांधला. पण तो डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा गावात होती. आमची बाग पाहिलेला, माझ्याशिवाय, तू एकटा उरलास. दादा तेव्हा मामाकडे होता.

म्हणून विचारतो. तू ज्या बकुळीवरून पडलास ती विहिरीच्या अंगाला होती की न्हाणीच्या? मला न्हाणीची आठवते, कारण तुझी बोंब ऐकून आजी ओलेत्याने धावली होती. तू हटकून विहीर म्हणशील. सोनचाफा तू मोडलास की गुरांनी खाल्ला, हे भांडण बाजूला ठेव. तो उभा कुठे होता तेवढं सांग. आणि पडवीचा जिना बाहेरून चढायचा ना? दादा आतून म्हणतो. मजला उभा करायचाच झाला तर अंदाजाने करायला मी सही देणार नाही, वाटण्या झाल्या तरी चालेल. खरं तर मला मजला नकोच आहे. हौद वाहता करावा, बकुळ लावावी, बाकी जोती तशीच राहू द्यावीत. हे घरात बोललो तर सगळे म्हणतात, पैसे काढायला नको म्हणून.

तुझ्या बदलीचं काय झालं? रेवा बारावीला ना? वहिनींना नमस्कार.

कागदावर चौक काढून पाठव. फोन नको, फोनवर तू कुणालाही हो म्हणतोस, आणि दादा तुला आधी गाठेल. त्याचा गवंडी सोमवारी येतोय.

तुझा,
बाळ्या