बाबांचं 'बॅरिस्टर' शोधून देणाऱ्या भाईंना

आदरणीय भाई,

आमच्याकडे कोणी उपकार केले की 'देव बरें करूं' म्हणतात आणि तेवढ्यात सगळं येतं. मीही ते तुम्हाला तुमच्या पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर म्हटलं होतं. तुम्ही मान हलवलीत आणि पुढच्या मुलाला दुरेघी वह्या मोजून द्यायला लागलात. त्या दिवसापासून मला वाटतंय की एवढ्याने झालं नाही. चार वर्षं तुम्ही आमच्या घरासाठी जे केलंत, ते नीट लिहावं आणि चार लोकांनी वाचावं, म्हणून हे पत्र. नाव घालू नको म्हणालात, म्हणून नुसतं भाई.

2021 च्या जुलैत शापोरा नदीला पूर आला तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. भांडी धुऊन घेतली, भिंती पुढच्या उन्हाळ्यात सारवल्या-रंगवल्या. पण खाटेखालची बाबांची पत्र्याची ट्रंक दोन दिवसांनी उघडली तेव्हा आत पुस्तकं नव्हती, चिखलाचा एक ठोकळा होता. त्यात जयवंत दळवींची बावीस पुस्तकं होती. बाबांनी तरुणपणापासून एकेक करून जमवलेली. आमच्या घरात बोलायला कोंकणी आणि वाचायला मराठी. आणि मराठी वाचायचं म्हणजे बाबांच्या लेखी आधी दळवी. त्याला कारण आहे. दळवी आरवलीचे. किरणपाणीहून आरोंद्याला गेलं की पुढे शिरोडा आणि मग आरवली. बाबा लहानपणी आजोबांचं बोट धरून वेतोबाला केळ्यांचा घड वाहायला तिथे जात. 'सारे प्रवासी घडीचे' मधली माणसं त्यांना पुस्तकातली वाटतच नाहीत. अमका आपल्या वाड्यावरचा, तमका आजोळचा, असं ते अजून सांगतात.

ट्रंकेतल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा त्यांना लागलं ते 'बॅरिस्टर' गेल्याचं. आमच्या गावात 1986 च्या जत्रेला देवळापुढच्या मंडपात ते नाटक झालं होतं. मी सात वर्षांची होते. बाबा त्यात नव्हते, म्हणजे लोकांना दिसत नव्हते. ते विंगेत होते, हातात पुस्तक आणि बॅटरी घेऊन. आमच्या मंडळाचे ते पंचवीस वर्षं प्रॉम्प्टर. गावात नटाला हार पडतो, प्रॉम्प्टरला चहा मिळतो. पण नाटक कोणाच्या जिवावर उभं असतं हे नटाला पक्कं ठाऊक असतं.

त्या पुस्तकात बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. नट जिथे हमखास विसरतो तिथे गोल. जिथे दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून बोलून टाकतो तिथे फुली. आणि काही ठिकाणी दोन आडव्या रेघा. लहानपणी मी विचारलं होतं, ह्या कशाला? बाबा म्हणाले, "इथे तो विसरलेला नाही, गप्प आहे. इथे मी वाक्य दिलं तर नाटक मेलं." रावसाहेबांची भूमिका अशा जागांनी भरलेली आहे. विलायतेत शिकून आलेला, सुधारणेची भाषा बोलणारा माणूस. समोर केशवपन झालेली मावशी, डोळ्यांदेखत विधवा झालेली राधाक्का, आणि घराण्यातल्या वेडाची भीती मनात. तो ठामपणे बोलतो आणि मधेच थांबतो. ते थांबणं विक्रम गोखल्यांनी विजयाबाई मेहतांच्या हाताखाली कसं केलं होतं याच्या गोष्टी बाबांनी मुंबईहून आलेल्या लोकांकडून ऐकलेल्या होत्या. आमच्या गावातल्या रावसाहेबांचं थांबणं मात्र त्यांनी स्वतः सांभाळलं.

पुरानंतर मी पुस्तकं शोधायला लागले. मोबाईलवर शोधलं तर निम्म्या नावांपुढे 'सध्या उपलब्ध नाही'. एका दुकानात सांगितलं की नाटकं कोण ठेवतो, झेरॉक्स काढून घ्या कुठून तरी. मग एका शुक्रवारी, बाजारात हरमलच्या मिरच्या घेऊन झाल्यावर, पिशव्यांसकट तुमच्याकडे आले आणि म्हटलं, दळवींची सगळी पुस्तकं हवीत.

तुम्ही हसला नाहीत. 'सगळी म्हणजे कोणती?' असं विचारून लाल वही काढलीत आणि पानाच्या मधोमध रेघ मारलीत. डावीकडे कादंबऱ्या, उजवीकडे नाटकं. मी आठवेल ते सांगत गेले: 'चक्र', 'महानंदा', 'अथांग', इकडे 'संध्याछाया', 'सूर्यास्त', 'महासागर', 'पुरुष', 'नातीगोती'. 'बॅरिस्टर' म्हटल्यावर तुम्ही ते उजवीकडे लिहिलंत, मग डावीकडे 'अंधाराच्या पारंब्या' लिहिलंत आणि दोन्ही जोडणारी एक रेघ काढलीत. 'हे नाटक ह्या कादंबरीतून आलेलं. दोन्ही घे, शेजारी ठेवून वाच.' 'महानंदा' समोर 'गुंतता हृदय हे' लिहिलंत आणि सांगितलंत की हे नाटक दळवींचं नव्हे, शं. ना. नवऱ्यांनी त्या कादंबरीवरून लिहिलेलं. म्हणजे मी मागितलेलंही नव्हतं ते माझ्या यादीत आलं. मी शाळेत पंधरा वर्षं मराठी शिकवते आहे. लेखकाची पुस्तकं अशी एकमेकांना जोडून कोणी दाखवली नव्हती.

कादंबऱ्या पहिल्या वर्षातच आल्या. 'चक्र' 1963 सालचं, त्यावरचा स्मिता पाटीलचा चित्रपट 1981 चा, आणि अजून ते छापलं जातं, विकलं जातं. नाटकांचं तसं नव्हतं. का, ते तुम्ही सांगितलेलं मला पुरतं पटलं आहे. कादंबरी घरात राहते. नाटक तालमीला जातं, दहा जणांच्या हातात फिरतं, पानं सुटतात, मुखपृष्ठ चहाच्या कपाखाली जातं आणि जत्रा संपल्यावर ते कोणाकडे राहिलं हे कोणालाच आठवत नाही. घरी बसून वाचायला नाटक विकत घेणारा माणूस हजारात एखादा. म्हणून प्रकाशक बेताचंच छापतात, एकदा संपलं की पुढची आवृत्ती कधी येईल सांगता येत नाही, आणि दुकानदाराला ऐंशी-शंभर पानांच्या बारीक पुस्तकात सुटतं तरी काय. तरीही तुमच्या आतल्या कपाटात एक खण नाटकांचा आहे. पुस्तक दुकानात 'आहे' असं आपण किती सहज म्हणतो! ते असावं म्हणून कोणी पैसे अडकवून, वाळवीपासून आणि आमच्या गोव्याच्या पावसापासून राखून ठेवलेलं असतं, हे मला तुमच्याकडे येईपर्यंत कळलं नव्हतं.

'बॅरिस्टर' ची नवी प्रत तुम्ही सहा महिन्यांत आणून दिलीत. मी धावत घरी नेली. बाबांनी ती उघडली, पानं उलटली, परत उलटली आणि मिटून ठेवली. 'बरं झालं,' म्हणाले. पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. संध्याकाळी हळूच बोलले. त्यांच्या डोक्यात नाटक पानांच्या जागेनिशी होतं: अमुक वाक्य डाव्या पानाच्या तळाशी, तमुक शांतता पान उलटताना. नव्या पुस्तकाचा टाइप वेगळा, पानं वेगळी, सगळं हललेलं. माणूस स्वतःच्या घरात काळोखात चालतो तसं ते नाटकात चालायचे, आणि कोणीतरी सामान हलवलं होतं.

हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटला होता. पुस्तक तेच आहे, शब्द तेच आहेत, आता आणखी काय हवं, असं कोणीही म्हटलं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, 'बाबांनी घेतलं ते साल कुठलं?' मग वहीत 'बॅरिस्टर' पुढे लिहिलंत: जुनी.

त्यानंतरची अडीच वर्षं. तुम्ही पुण्याला अप्पा बळवंत चौकात विचारलंत, मुंबईत फोन केलेत, सावंतवाडीला लग्नाला गेलात तर तिथल्या रद्दीवाल्याकडे अर्धा दिवस बसलात. हे मला तुमच्या मुलाकडून कळलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी मी यायची. नसलं तर तुम्ही 'नाही' म्हणायचात. 'बघू', 'येईल', 'पुढच्या आठवड्यात ये' असलं एकदाही म्हटलं नाहीत. त्या स्पष्ट 'नाही' वर माझा फार विश्वास बसला होता.

आणि मग गेल्या वर्षी तुमचा फोन आला: "बाबांक सांग, पुस्तक गावलां."

त्या प्रतीवर एका वाचनालयाचा शिक्का होता. मी पैसे काढले तर तुम्ही हात आडवा केलात. आधी त्या वाचनालयात विचारून घेतो म्हणालात. पुस्तक त्यांनी रद्द करून विकलेलं आहे की कोणी परत न करता रद्दीत घातलेलं, हे समजल्याशिवाय देणार नाही. मला त्या क्षणी राग आला होता, भाई, आज कबूल करते. अडीच वर्षांनी हातात आलेलं पुस्तक तुम्ही परत फडताळात ठेवत होतात. आठ दिवसांनी तुमचा निरोप आला की त्यांच्या दप्तरात ते रद्द केल्याची नोंद आहे. त्याच दुपारी मी येऊन घेतलं. तुम्हाला जे पडलं तेवढेच पैसे घेतलेत, वर एक रुपया नाही.

बाबा आता एकोणऐंशीचे आहेत, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी ते पुस्तक दोन दिवस नुसतं उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे पेन्सिल मागितली. पावसाळ्याचा एक अख्खा महिना ते पडवीत बसून खुणा करत होते. गोल, फुली, दोन रेघा. मधेच डोळे मिटून ओठ हलवायचे, मग एक रेघ. एकेका खुणेबरोबर एकेक माणूस परत येत होता: रावसाहेब झालेले मास्तर, राधाक्का करायला म्हापशाहून आलेल्या बाई, पडदा ओढणारा कुळकार. यांतले बरेचसे आता नाहीत. मी चहा द्यायला गेले की बाबा सांगायचे, ह्या वाक्याला मास्तर दर तालमीला चुकायचे आणि प्रयोगाला बरोबर बोलले. आयुष्यात त्यांना एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. 'महानंदा' देताना तुम्ही म्हणालात, 'हे सावकाश वाच, हे आपलंच आहे.' देवळाच्या सावलीतली, देवाच्या सेवेला वाहिलेल्या बायकांची घरं, त्या घरातली शिकू पाहणारी मुलगी, तिच्यावर जीव जडलेला तरुण आणि दोघांच्या मधे उभी असलेली रीत. आमच्या गावात कोणत्या वाड्यावरच्या माणसांनी काय सोसलं ते मी लहानपणापासून कुजबुजीत ऐकत होते. वाचून झाल्यावर मी शेजारच्या आत्येकडे जाऊन बसले. तिच्या आजीच्या आठवणी पहिल्यांदा उघड विचारल्या आणि तिने त्या सांगितल्या. ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. मला स्वतःला दळवींच्या कादंबऱ्यांत ही सगळ्यांत जवळची वाटते, 'चक्र' कितीही थोर असली तरी.

आता मंडळाविषयी. आमच्या पोरांनी यंदा जत्रेला 'संध्याछाया' घेतलं आहे. म्हातारे नाना-नानी, मुलगा अमेरिकेत, घरात वाट बघणं. आमच्या गावातल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात, बोटीवर नाहीतर लंडनला आहेत. तालमीत नानीची वाक्यं चालू असली की बघायला आलेल्या बायका गप्प होतात. पोरं आधी एका पुस्तकाच्या दहा झेरॉक्स काढणार होती. तुम्ही त्यांना दुकानात बसवून समजावलंत. दळवी 16 सप्टेंबर 1994 ला गेले. कायद्याने लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात, म्हणजे 2054 संपेपर्यंत. तेव्हा प्रयोगाची परवानगी रीतसर मागायची, मानधन द्यायचं आणि पुस्तकं विकत घ्यायची. वर म्हणालात, 'तुम्ही सहा प्रती घेतल्यात तर पुढच्या मंडळाला सातवी मिळेल.' पोरांनी वर्गणी काढून सहा घेतल्या आणि परवानगीचं पत्रही लिहिलं. ते पत्र मी तपासून दिलं.

विंगेत बाबाच बसणार आहेत. रात्रीचं जागरण झेपेल का म्हणून आई कुरकुरते आहे, पण त्यांनी बॅटरीत नवे सेल घालून ठेवलेत.

दळवींचा जन्म 14 ऑगस्ट 1925 चा. शंभर वर्षं झाली. त्या दिवशी बाबांनी तुमच्याकडून आलेली सगळी पुस्तकं ओटीवर मांडली होती, एकोणीस. ट्रंक पुन्हा घेतलेली नाही, भिंतीत उंचावर फळी मारून घेतली आहे. वहीतल्या यादीत अजून तीन नावांपुढे खूण व्हायची आहे. ती तुम्हाला ठाऊक आहेत. घाई नाही, आणि नसलं तर 'नाही' म्हणा.

जत्रेच्या रात्री तुम्ही आणि वहिनी दोघांनी यायचं. जेवण आमच्याकडे. नाटक पालखी देवळात गेल्यावर सुरू होतं, म्हणजे साडेअकरा तरी वाजतील. बसायला मी उजव्या विंगेच्या बाजूची जागा राखून ठेवते. तिथून बाबांच्या हातातलं पुस्तक दिसतं.

देव बरें करूं.

तुमची,
पेडण्याची मास्तरीण