मातीत काही नाही म्हणता, मग सूर्यफूल कशाने गेलं?

मा. कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

तणनाशकाने पुढचं पीक गेलं तर माती तपासून भरपाई देऊ, असा शब्द आपण भर सभेत दिला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. काल अहवाल आला. एकच ओळ : ‘अंश आढळला नाही.’ दावा निकाली.

गव्हात मेटसल्फ्युरॉन हे तणनाशक मारलं होतं, त्याच रानात सूर्यफूल पेरलं. रोपं वीतभर झाली आणि थिजली. शेंडे पिवळे, मुळं बोटभर. तिसऱ्या आठवड्यात रोटर फिरवला. पोराला सांगवेना, मीच ट्रॅक्टरवर बसलो. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात मोजणीची मर्यादा आहे : किलोमागे 10 मायक्रोग्रॅम. आता हिशेब करा. हे औषध हेक्टरी 4 ग्रॅम मारतात. वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी साधारण 20 लाख किलो. म्हणजे फवारलेलं सगळं त्या थरात मिसळलं तरी किलोमागे 2 मायक्रोग्रॅम! (वहीच्या मागच्या पानावर मांडलंय, चुकलं असेल तर आपल्या खात्याने दुरुस्त करावं. तेवढं तरी करावं.) वजनकाट्यावर मोहरी टाकायची आणि म्हणायचं, मोहरी नाहीच.

प्रयोगशाळेत गेलो. तिथला पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, सगळ्या औषधांना एकच पद्धत. 10 ग्रॅम माती, औषध विरघळवून काढायला ॲसिटोनायट्राइल, क्षार, हलवा. मग अर्क साफ करायला पीएसएची पूड. अहो, हे औषध आम्लधर्मी! ती पूड कचरा धरते तशी आम्लधर्मी रेणूही धरते. अर्क साफ झाला, पुरावाही साफ झाला. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक तर ॲसिटोनायट्राइलमध्ये उतरतच नाही. पॅराक्वाट हे तिसरं, ते चिकणमातीला असं चिकटतं, की तीव्र गंधकाम्लात तासन्‌तास उकळावं लागतं. त्यांचेही अहवाल असेच येत असणार. शंभरातले नव्वद कोरे, पैज लावतो.

माहीत असलेलं औषध कोऱ्या मातीत मिसळून किती परत मिळतं ते पाहता का, असं विचारलं. 70 ते 120 टक्के परत यायला हवं. तो नुसता हसला. माझा नमुना गोठवलाही नव्हता. महिनाभर खिडकीत पडून होता, तेवढ्यात असलेला अंशही विरू शकतो.

आणि विक्रीची परवानगी देताना कंपनीकडून मातीतला अंश शोधायची पद्धत मागून घेतात ना? ती कुठल्या कपाटात आहे? विकायला परवानगी तुमची, तपासायला यंत्र तुमचं, निकाल तुमचा. सिद्ध करायचं मात्र मी. डब्यावर ‘पुढील पिकाची काळजी घ्यावी’ छापलं की कंपनी सुटली, कोरा अहवाल दिला की खातं सुटलं.

मला भीक नको. पीएसए न वापरता, किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅमपर्यंत दिसेल अशा यंत्रावर फेरतपासणी हवी, आणि तीही माझ्यासमोर.

त्याच रानातली दुसरी पिशवी मी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलीय. ही माती कधी काढणार, असं बायको रोज विचारते. तारीख कळवावी.

आपला,
एक शेतकरी