जुन्या डीव्हीडींचे रूपांतर करताना चित्राचे प्रमाण बिघडवू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातील घरांतून, देवस्थानांतून आणि नाट्यमंडळांच्या कपाटांतून सध्या जुन्या डीव्हीडी बाहेर काढल्या जात आहेत. लग्नमुंजी, चवथीच्या आरत्या, नवरात्रातील मखरोत्सवाची कीर्तने आणि जत्रेच्या रात्री रंगलेली उत्सवी नाटके ज्या डिस्कांवर साठवलेली आहेत, त्या चालवणारी यंत्रे बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. शिवाय घरी किंवा दुकानात रेकॉर्ड केलेल्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरावर उमटवलेली असते आणि उष्णता, ऊन व दमटपणा यांनी तो थर बिघडत जातो. आमच्याकडील पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला नकोच. त्यामुळे हे सारे संगणकावरील फाइलींत उतरवून घेण्याची घाई रास्तच आहे. मात्र या घाईत चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण, म्हणजेच अ‍ॅस्पेक्ट रेशो, सर्रास चुकतो आणि एकदा चुकलेली फाइलच पुढे सर्वांकडे जाते, म्हणून हे पत्र.

हा दोष दोन प्रकारे दिसतो. एकात माणसे आडवी फुगतात, दुसऱ्यात ती उभी ताणली जातात. एका उत्सवी नाटकाची अशी फाइल माझ्या पाहण्यात आली, तिच्यात सर्व पात्रे सारख्याच प्रमाणात गुटगुटीत झाली होती आणि प्रेक्षकांतल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. नेमके हेच घातक आहे. डोळा या विकृतीला चटकन सरावतो आणि मग मूळ नट कसा दिसत असे, हे सांगणारे ज्येष्ठ प्रेक्षकच उरले नाहीत की फुगलेला चेहराच खरा मानला जातो.

याचे कारण डीव्हीडीच्या रचनेत आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र सामान्यतः ७२० बाय ५७६ पिक्सेलांचे असते, मग ते जुन्या दूरचित्रवाणी संचासाठीचे ४:३ प्रमाणाचे असो वा रुंद पडद्यासाठीचे १६:९ प्रमाणाचे. रुंदीचा ७२० हा आकडा १९८२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय स्टुडिओ मानकातून आला. युरोपीय व अमेरिकी या दोन्ही पद्धतींना एकाच मापाने हाताळता यावे, हा त्यामागचा हेतू होता. परिणामी डीव्हीडीचा पिक्सेल चौरस नसतो. तो दाखवताना किती रुंद करावयाचा, याची सूचना डिस्कवर स्वतंत्रपणे नोंदवलेली असते. प्लेअर ती वाचतो आणि ४:३ चे चित्र ७६८ बाय ५७६ एवढे, तर १६:९ चे चित्र १०२४ बाय ५७६ एवढे पसरून दाखवतो. (काठावरचे काही पिक्सेल मोजावेत की नाही, यावरून चोखंदळ मंडळींत दोनेक टक्क्यांचा वाद आहे, घरगुती कामासाठी तो बाजूला ठेवण्यास हरकत नाही.) रूपांतर करताना ही सूचना गळून पडली, तर संगणक ७२० बाय ५७६ हे पिक्सेल चौरस समजून दाखवतो. अशा वेळी ४:३ चे चित्र किंचित, म्हणजे सुमारे सहा टक्के अरुंद दिसते व ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पण १६:९ चे चित्र जवळपास तीस टक्क्यांनी आकसते आणि माणसे काठीसारखी दिसू लागतात.

फुगलेल्या माणसांचे कारण वेगळे आहे व ते तांत्रिक कमी, व्यावहारिक अधिक आहे. घरी आता रुंद टीव्ही आहेत. त्यांवर ४:३ चे चित्र योग्य रीतीने दाखवले, तर डाव्या-उजव्या बाजूस काळ्या पट्ट्या येतात, आणि त्या पाहून गिऱ्हाईक तक्रार करते की टीव्ही पुरा भरत नाही. मग रूपांतर करून देणारा दुकानदार चित्र ओढून १६:९ करून देतो. तसे केल्याने प्रत्येक वस्तूची रुंदी एक तृतीयांशाने वाढते. दुसरे काही जण ओढण्याऐवजी वरून-खालून कापतात. त्यात उंचीचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे नाटकाच्या चित्रणात राजाचा मुकुट तरी जातो किंवा नृत्य करणारीची पावले तरी जातात. माझ्या मते या दोन्हींपेक्षा काळ्या पट्ट्या शतपटीने बऱ्या. त्या दोष नव्हेत. चित्रीकरण ज्या चौकटीत झाले ती चौकट तेवढीच होती, एवढेच त्या सांगतात. आणि ओढण्या-कापण्याचे मूळ गिऱ्हाइकाच्या तक्रारीत असल्याने दुकानदारांना एकट्यांनाच बोल लावणे मला न्याय्य वाटत नाही.

तिसरा एक प्रकार लग्नाच्या डिस्कांत विशेष आढळतो. रुंद चित्र वर-खाली काळ्या पट्ट्या घालून ४:३ च्या चौकटीत बसवलेले असते आणि पुढे ती चौकट रुंद टीव्हीवर बाजूच्या पट्ट्यांसह दिसते. अशा वेळी चारही बाजूंना काळोख आणि मधोमध छोटीशी खिडकी, असे दृश्य दिसते. येथे प्रमाण बरोबरच असते, फक्त वरच्या व खालच्या पट्ट्या कापायच्या असतात. चित्र १६:९ चे असल्यास ५७६ पैकी ७२ ओळी वरून आणि ७२ खालून जातात, ७२० बाय ४३२ उरतात आणि ते ७६८ बाय ४३२ असे दाखवले की टीव्ही आपोआप भरतो.

दुरुस्ती करण्यापूर्वी दोष खरोखर फाइलीतच आहे का, हे पाहावे. पुष्कळदा टीव्हीच्या रिमोटवरील 'वाइड' किंवा 'झूम' ही निवड चालू राहिलेली असते आणि बिचाऱ्या फाइलीवर आळ येतो. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये ती फाइल लावावी आणि कॅमेऱ्याला थेट सामोरी असलेली एखादी गोल वस्तू, जसे की भिंतीवरील घड्याळ, बाजूने दिसणारे गाडीचे चाक किंवा प्रेक्षकांकडे वळलेले घुमट या वाद्याचे तोंड, पडद्यावर मोजपट्टी धरून आडवी व उभी मोजावी. दोन्ही मापे सारखी आली की प्रमाण बरोबर. न आल्यास कळफलकावरील 'ए' हे अक्षर दाबत गेले की व्हीएलसी एकेक प्रमाण लावून दाखवतो. कोणत्या प्रमाणात वर्तुळ गोल होते, ते टिपून ठेवावे. मीडियाइन्फो या मोफत साधनाने फाइलीत कोणते प्रमाण नोंदवलेले आहे, हेही कळते.

फाइलीतले पिक्सेल ७२० बाय ५७६ असेच असतील आणि केवळ सूचना चुकीची असेल, तर सगळे चित्रण पुन्हा एन्कोड करण्याची, म्हणजे नव्याने दाबून साठवण्याची, मुळीच गरज नाही. एमकेव्ही फाइल असल्यास एमकेव्हीटूलनिक्स या साधनाच्या हेडर एडिटरमध्ये दाखवण्याची रुंदी ७६८ (किंवा १०२४) आणि उंची ५७६ एवढे लिहून जतन केले, की काम काही सेकंदांत होते आणि चित्राच्या दर्जाला धक्काही लागत नाही. एमपी४ फाइलीसाठी एफएफएमपेग हे साधन मूळ प्रवाह जसाच्या तसा ठेवून नवे प्रमाण नोंदवून देते. पुन्हा एन्कोड करण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे विचारून पाहावे, कारण प्रत्येक एन्कोडमध्ये चित्र थोडे तरी पुसट होतेच.

मुळापासून रूपांतर करायचे असेल, तर हँडब्रेक या रूपांतराच्या साधनामध्ये अ‍ॅनामॉर्फिक ही निवड 'ऑटोमॅटिक' ठेवावी. ती मूळ पिक्सेल राखून प्रमाणाची सूचना फाइलीत घालते. काही जुने टीव्ही पेन ड्राइव्हवरील फाइलीतली ही सूचना मानतच नाहीत. तेवढ्या टीव्हींसाठीच चौरस पिक्सेलांची ७६८ बाय ५७६ (१६:९ साठी १०२४ बाय ५७६) अशी वेगळी प्रत करावी. तीही करताना आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे एकाआड एक ओळींत विभागलेले चित्र एकसंध करावे, आणि मगच आकार बदलावा. जुन्या कॅमेऱ्यांच्या चित्रणात एका चौकटीच्या विषम व सम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात, आणि त्या तशाच ठेवून उंचीत फेरबदल केला तर हलणाऱ्या वस्तूंच्या कडांवर कंगव्यासारखे दाते कायमचे बसतात. अमेरिकेतील नातलगांनी पाठवलेल्या डिस्का बहुधा एनटीएससी पद्धतीच्या, ७२० बाय ४८० च्या असतात. तेथे ४:३ साठी हाच आकडा ६४० बाय ४८० होतो.

देवस्थान समित्या, नाट्यमंडळे आणि ज्यांच्याकडे अशा ध्वनिचित्रमुद्रणांचा मोठा साठा असू शकतो त्या संस्था हे काम बाहेर देतात, तेव्हा पत्रात दर मिनिटाचा भाव आणि तारीख एवढेच लिहिलेले असते. त्यात तीन अटी वाढवल्या पाहिजेत. प्रत्येक डिस्कची तंतोतंत आयएसओ प्रत, म्हणजे सबंध डिस्क जशीच्या तशी उतरवलेली एकच फाइल, आधी घ्यावी, चित्र कोठेही ओढू वा कापू नये, आणि पूर्ण काम हाती घेण्यापूर्वी पाच मिनिटांचा नमुना दाखवावा. आयएसओ प्रतींना जागा फार लागेल ही सबब टिकणारी नाही. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर काठोकाठ भरलेल्या दोनशेहून अधिक डिस्का राहतात. रूपांतर झाले म्हणून मूळ डिस्क भंगारात देण्याची पद्धत तर ताबडतोब थांबवावी. चूक पुढे कधी लक्षात आली, तर परत जायला तेवढा एकच मार्ग उरतो.

ज्यांच्याकडे डिस्क उरलेली नाही आणि हातात केवळ ओढलेली फाइल आहे, त्यांनीही ती टाकून देऊ नये. चित्र सर्वत्र सारखेच ओढलेले असल्याने वरील सूचना बदलण्याच्या पद्धतीनेच १०२४ बाय ५७६ ची फाइल ७६८ बाय ५७६ अशी दाखवता येते व चेहरे मूळ आकारात येतात. वरून-खालून कापून दिलेल्या फाइलीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. अशा वेळी त्याच कार्यक्रमाची दुसरी डिस्क मंडळातील एखाद्या कलाकाराच्या किंवा वऱ्हाडातील एखाद्या नातलगाच्या घरी आहे का, याची चौकशी करावी. त्या काळी एका कार्यक्रमाच्या बऱ्याच प्रती काढून वाटल्या जात असत.

आपला विश्वासू,
एक नाट्यरसिक, फोंडा